बल्बसाठी नाही, एडिसन हजारो वेळा फसला होता तो इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीसाठी

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा एक मेसेज तुम्ही हमखास वाचला असणार. एडिसन बल्ब बनवताना दहा हजार वेळा फसला. कुणीतरी त्याला विचारलं, तर म्हणाला की मी हरलो नाही, न चालणारे दहा हजार मार्ग मला कळले. खाली उगवता सूर्य आणि शुभ सकाळ.

मेसेज झकास आहे, पण त्यात एक गडबड आहे. तो किस्सा बल्बचा नाहीच, बॅटरीचा आहे. तीही टॉर्चमधली किंवा घड्याळातली बॅटरी नाही. एडिसनला इलेक्ट्रिक गाडी चालवायची होती आणि त्यासाठी त्याला लेड-ॲसिड बॅटरी कायमची हद्दपार करायची होती.

आज शंभर-सव्वाशे वर्षांनंतर हौशी मंडळी घरच्या घरी जुन्या गाडीचं इंजिन काढून मोटर बसवतात. तेव्हा त्यांच्यापुढे तोच प्रश्न येतो. लेड-ॲसिड घ्यायची, लिथियम घ्यायची, की दोन्ही जोडून काम भागवायचं? या प्रश्नात एडिसनने आयुष्यातली दहा वर्षं आणि प्रचंड पैसा घातला. त्याचीच ही गोष्ट.

थॉमस अल्वा एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावातला. सात भावंडांत तो शेंडेफळ. शाळा अगदी थोडे दिवस झाली, पुढचं शिक्षण आईने घरीच केलं. लहानपणापासून ऐकू कमी यायचं. बाराव्या वर्षी पोरगा रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला.

१८६२ साली त्याने रेल्वे रुळांवर खेळणाऱ्या एका तीन वर्षांच्या पोराला डब्याखाली येता येता वाचवलं. ते पोरगं निघालं स्टेशनमास्तरचं. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने एडिसनला तारयंत्र शिकवलं. त्या काळात तारयंत्र चालायचं बॅटरीवर. म्हणजे पंधरा वर्षांच्या या पोराची विजेशी खरी ओळख झाली ती बॅटरीमुळेच.

पुढे तो गावोगावच्या तार ऑफिसात नोकऱ्या करत फिरला. रात्रपाळी मागून घ्यायचा, कारण रात्री काम कमी आणि प्रयोगाला वेळ जास्त. लुईव्हिल शहरात असताना १८६७ च्या सुमारास असाच एक उद्योग अंगाशी आला. बॅटरीशी खेळताना सल्फ्युरिक ॲसिड सांडलं, लाकडी जमिनीच्या फटींतून खाली झिरपलं आणि खालच्या मजल्यावरच्या साहेबाच्या टेबलावर पडलं, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

ॲसिडच्या बॅटरीशी त्याचं वाकडं तेव्हापासूनचं म्हटलं तरी चालेल.

त्यानंतरचा एडिसन आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. १८७६ ला मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ ला फोनोग्राफ, १८७९ ला चालणारा बल्ब, १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र. एकट्या अमेरिकेत त्याच्या नावावर १,०९३ पेटंट झाली.

याच काळात युरोपातून नवीन माल यायला लागला होता. फ्रान्सच्या गॅस्टन प्लँटेने १८५९ साली लेड-ॲसिड बॅटरी शोधली होती. पातळ केलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये शिशाच्या पट्ट्या बुडवायच्या, त्यात वीज भरायची, वापरायची, संपली की पुन्हा भरायची. १८८१ ला कामील फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप द्यायची पद्धत आणली आणि ही बॅटरी धंद्याला लावण्याजोगी झाली. शेअर विकणाऱ्या कंपन्या धडाधड निघाल्या.

एडिसन मात्र भडकला. १८८३ साली त्याने या बॅटरीवर जाहीर टीका केली. लोकांचे पैसे काढायचा हा धंदा आहे, असा त्याचा सूर होता. त्याचं सगळंच काही चुकीचं नव्हतं. शिसं म्हणजे वजनाला धोंडा. धक्के बसले की पट्ट्यांवरचा लेप गळून तळाला साचतो. रिकामी करून तशीच ठेवली तर पट्ट्यांवर कडक थर चढतो आणि बॅटरी मरते. घरात इन्व्हर्टर असलेल्या माणसाला यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल.

आता येऊया १९०० सालात.

तेव्हा अमेरिकेच्या रस्त्यांवर तीन प्रकारच्या गाड्या होत्या. वाफेच्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या. त्या वर्षी तिथे साधारण ४,२०० गाड्या तयार झाल्या. त्यातल्या दीड हजाराहून जास्त विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या हजाराच्या आत. म्हणजे इलेक्ट्रिक गाडी हे तेव्हाचंच वर्तमान होतं. १८९९ च्या एप्रिलमध्ये कामील जेनात्झी या बेल्जियन गड्याने पॅरिसजवळ गाडी ताशी १०५ किलोमीटरच्या वर पळवली. ताशी शंभरचा आकडा ओलांडणारी ती पहिली मोटार, आणि ती लेड-ॲसिड बॅटरीवर पळाली होती.

पेट्रोलच्या गाडीला पुढून हँडल मारावं लागायचं. हँडल उलटं फिरलं तर हात मोडायचा. धूर, आवाज, गिअरची खटपट वेगळीच. विजेची गाडी बटण दाबलं की निघायची. अडचण एकच होती, बॅटरी. वजन जास्त, पल्ला कमी, आयुष्य त्याहून कमी.

एडिसन तेव्हा ५३ वर्षांचा होता आणि नुकताच मोठा फटका खाऊन बसला होता. १८९२ साली त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली आणि नावातून एडिसन गायब झाला. शिवाय त्याने न्यू जर्सीच्या डोंगरात हलक्या प्रतीच्या दगडातून चुंबकाने लोखंड वेगळं काढायचा कारखाना टाकला. त्यात वीस लाख डॉलरहून जास्त रक्कम गेली. आपले शेअर विकून त्याने तिथे पैसा ओतला होता. सगळं बुडालं.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. एडिसनने ठरवलं, आता गाडीची बॅटरी बनवायची. शिसं नको आणि ॲसिडही नको.

कल्पना धाडसी होती. एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला निकेल, आणि मध्ये ॲसिडच्या जागी कॉस्टिक पोटॅशचं द्रावण. ॲसिड धातूला खातं, हे द्रावण लोखंडाला आणि निकेलला खात नाही. त्यामुळे बॅटरीचा डबासुद्धा पोलादाचा करता येतो. काच फुटायची भीती नाही, पट्ट्या झिजायची भीती नाही. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा संशोधक त्याच काळात याच वाटेने चालला होता आणि पुढे दोघांत पेटंटवरून भांडणही झालं.

मेसेजमधला तो किस्सा इथला आहे. १९१० साली, एडिसन हयात असतानाच, त्याचं एक मोठं चरित्र छापून आलं. त्यात त्याचा जुना सहकारी वॉल्टर मॅलरी याची आठवण आहे. एडिसन पाच महिन्यांहून जास्त काळ, आठवड्याचे सातही दिवस बॅटरीवर काम करत होता. लांबलचक टेबलावर शेकडो छोटे चाचणी सेल मांडलेले. नऊ हजारांच्या वर प्रयोग झाले होते आणि हाती काही लागलं नव्हतं. मॅलरीला वाईट वाटलं, तसं तो बोलला. त्यावर एडिसनने हसून सांगितलं की हाती बरंच लागलंय, कारण काय चालत नाही अशा हजारो गोष्टी आता ठाऊक झाल्यात. पुढे कुणीतरी बॅटरी काढली आणि तिथे बल्ब लावला. बल्ब फोटोत छान दिसतो.

१९०१ साली एडिसनने बॅटरीची कंपनी काढली. पेपरांतून मोठमोठे दावे झाले. गाडीपेक्षा जास्त टिकणारी बॅटरी येतेय असं वातावरण तयार झालं. १९०३-०४ च्या सुमारास माल बाजारात आला. डिलिव्हरीच्या गाड्या चालवणाऱ्यांनी तो घेतलासुद्धा.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. डब्याचे सांधे गळायला लागले. बॅटरीची ताकद काही महिन्यांतच घटायला लागली. वीज भरताना आणि वापरताना निकेलचा माल फुगायचा आणि आकसायचा, त्यात आतला संपर्क सुटायचा.

इथे एडिसनने जे केलं त्याला दाद द्यायला हवी. बॅटरी विकली जात होती, लोक आणखी मागत होते, तरी त्याने कारखाना बंद केला. विकलेल्या बॅटरी स्वतःच्या खर्चाने परत घेतल्या. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यात आणखी पाच वर्षं गेली. शेवटी उपाय सापडला तो असा. पेन्सिलीएवढ्या बारीक, भोकं पाडलेल्या नळ्या घ्यायच्या आणि त्यात निकेलचा माल आणि अतिशय पातळ निकेलचे पापुद्रे यांचे थरावर थर ठासून भरायचे, एका नळीत शेकडो थर. पापुद्र्यांमुळे वीज आत-बाहेर नीट जाते आणि नळीमुळे माल फुगून सांडत नाही. तयार सेल तपासायलाही सोडलं नाही. यंत्रावर लाखो वेळा उचलून आपटले, म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर काय होईल ते कळावं.

१९०९ साली नवी बॅटरी बाजारात आली आणि या वेळी ती टिकली. डेट्रॉईट इलेक्ट्रिक या नावाजलेल्या गाडीत १९११ पासून ती बसवून मिळायला लागली. त्या गाडीचा रोजच्या वापरातला पल्ला साधारण १३० किलोमीटर. एका चाचणीत तर ती एका चार्जिंगवर ३४० किलोमीटर गेली. वेग मात्र ताशी ३०-३२ किलोमीटरच. एडिसनच्या बॅटरीसाठी ६०० डॉलर जादा मोजावे लागायचे.

म्हणजे गडी जिंकला का? इथेच गोष्ट वळण घेते.

एडिसन प्रयोगशाळेत नळ्या भरत होता तेव्हा त्याच्या एका चाहत्याने बाजार पालटून टाकला होता. नाव हेन्री फोर्ड. फोर्ड आधी डेट्रॉईटमधल्या एडिसनच्या नावाच्या वीज कंपनीत इंजिनिअर होता. १८९६ साली न्यूयॉर्कमधल्या एका जेवणाच्या वेळी दोघं भेटले. फोर्डने पेट्रोलच्या गाडीची कल्पना सांगितली आणि एडिसनने टेबलावर मूठ आपटत त्याला पुढे जायला सांगितलं. ती शाबासकी फोर्ड जन्मभर विसरला नाही. १९०८ ला त्याने मॉडेल टी आणली. १९१६ पर्यंत ती ४०० डॉलरच्या आत मिळायला लागली. एडिसनच्या बॅटरीसाठी जे जादा पैसे लागत, त्याहून कमी पैशात अख्खी गाडी.

दुसरा घाव बसला १९१२ साली. कॅडिलॅक कंपनीने चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर आणला. हँडल मारणं संपलं. पेट्रोलची गाडीही बटणावर सुरू व्हायला लागली. आणि या सेल्फला वीज कोण देत होतं? लेड-ॲसिड बॅटरी. एडिसनने जिला हद्दपार करायचं ठरवलं होतं, तिनेच इलेक्ट्रिक गाडीचा बाजार उठवायला हातभार लावला.

एडिसनची बॅटरी सेल्फ का फिरवू शकत नव्हती, हे समजून घ्यायला गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकीत किती पाणी मावतं ही एक गोष्ट आणि नळ किती जाड आहे ही दुसरी. थंड इंजिन फिरवायला काही सेकंदच, पण धो धो वीज लागते. लेड-ॲसिडची टाकी लहान, नळ मात्र जाड. एडिसनच्या बॅटरीत वीज भरपूर मावायची, वर्षानुवर्षं टिकायची, पण नळ बारीक. तंत्राच्या भाषेत याला अंतर्गत रोध म्हणतात. थंडीत तो नळ आणखी बारीक व्हायचा. शिवाय लोखंड-निकेलचा एक सेल सव्वा व्होल्टच्या आसपास, शिशाचा दोन व्होल्ट. म्हणजे १२ व्होल्टसाठी शिशाचे सहा सेल पुरतात, एडिसनचे दहा लागतात.

१९१४ च्या सुरुवातीला फोर्डने जाहीर केलं की तो आणि एडिसन मिळून स्वस्तातली इलेक्ट्रिक गाडी आणतायत. नमुन्याच्या गाड्या तयारही झाल्या. फोर्डची अट एकच होती, बॅटरी एडिसनचीच पाहिजे. पण गाडीला लागेल तेवढा जोर त्या बॅटरीतून निघेना. असं सांगतात की इंजिनिअरांनी गुपचूप लेड-ॲसिड बसवून काम भागवलं आणि हे कळल्यावर फोर्ड खवळला. प्रकल्प बारगळला. गंमत म्हणजे फोर्डची बायको क्लारा याच काळात डेट्रॉईट इलेक्ट्रिक चालवायची. फोर्डच्या घरात विजेची गाडी होती, कारखान्यात ती कधी आली नाही.

यापुढचा घाव जिव्हारी लागणारा होता. शिशाच्या बॅटरीतून समुद्राचं पाणी शिरलं तर विषारी क्लोरीन वायू निघायचा, म्हणून अमेरिकन नौदलाने ई-२ या पाणबुडीत एडिसनच्या बॅटरी बसवल्या होत्या. यात क्लोरीनची भीती नव्हती, पण हायड्रोजन निघायचा. १५ जानेवारी १९१६ ला ब्रुकलिनच्या गोदीत पाणबुडीत साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला. माणसं मेली. एडिसन तेव्हा नौदलाच्या सल्लागार मंडळाचा प्रमुख होता. दोष बॅटरीचा की हवा खेळती न ठेवण्याचा, यावर वाद झाला. एक धोका टाळायला गेलं की दुसरा दारात उभा राहतो, हे मात्र सगळ्यांना दिसलं.

तरी ही गोष्ट पराभवाची नाही. जिथे झटक्यात जोर लागत नाही आणि वर्षानुवर्षं इमानाने काम लागतं, तिथे या बॅटरीने राज्य केलं. खाणकामगारांच्या डोक्यावरचे दिवे, रेल्वेचे सिग्नल, डब्यांतले दिवे, कारखान्यातल्या छोट्या मालगाड्या. पुढे एडिसनला सगळ्यात भरवशाची कमाई ज्यातून झाली, त्यात ही बॅटरी होती. १८ ऑक्टोबर १९३१ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी, वेस्ट ऑरेंजच्या घरी तो वारला, तेव्हाही तिचा कारखाना चालू होता.

आणि आता शेवटचा योगायोग. एडिसनच्या काळात अमेरिकेत लेड-ॲसिडचा सर्वात मोठा खेळाडू होता फिलाडेल्फियाची एक कंपनी. तिने १९०० साली आपल्या बॅटरीला नाव दिलं एक्साइड. हे नाव आज आपल्याकडे गल्लीतल्या बॅटरीच्या दुकानावर दिसतं. १९७२ साली एडिसनचा बॅटरीचा धंदा विकत घेतला तो अमेरिकेतल्या याच एक्साइडवाल्यांनी. तीन वर्षांत, १९७५ ला, त्यांनी तिथलं उत्पादन बंद केलं.

मग आजच्या हौशी गाडीवाल्याने यातून घ्यायचं काय?

लिथियमची टाकीही मोठी आहे आणि नळही जाड आहे. एडिसनला जे हवं होतं ते जवळपास तिच्यात मिळालंय. म्हणून काही जण विचार करतात की जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या फेकायच्या कशाला, त्यांच्या टर्मिनलला लिथियमचा पॅक जोडून टाकू, पल्ला वाढेल. इथे एडिसनची दहा वर्षं आठवायची. प्रत्येक बॅटरीचा स्वभाव तिच्या रसायनात असतो आणि तो तार जोडून बदलत नाही.

१२ व्होल्टची लेड-ॲसिड पूर्ण भरली की शांत बसल्यावर १२.७ व्होल्टच्या आसपास असते आणि वापरू तशी उतरत जाते. त्याच मापाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १३ च्या वर राहते आणि जवळजवळ रिकामी होईपर्यंत हलत नाही. दोघी समांतर जोडल्या की आधी लिथियम एकटीच राबते. तिची संरक्षण यंत्रणा तिला बंद करते तेव्हा सगळा भार एकदम लेड-ॲसिडवर पडतो. एक रिकामी आणि एक भरलेली अशी जोडली तर मधून किती वीज धावेल यावर ताबा कुणाचाच नसतो, आणि तारा तापतात. चार्जिंगचंही जमत नाही. लेड-ॲसिडला भरल्यावरही बराच वेळ हलका प्रवाह लागतो, लिथियमला तो नको असतो. एकामागे एक जोडल्या तर आणखी वाईट. जी आधी संपते तिच्यातून उलटी वीज ढकलली जाते आणि ती खराब होते.

दोघी एका गाडीत नांदू शकतात, पण स्वयंपाकघर वेगळं ठेवून. प्रत्येकीचं चार्जिंग वेगळं आणि मध्ये डीसी-डीसी कन्व्हर्टर, जो एकीचा व्होल्टेज दुसरीला झेपेल एवढा करून मोजून-मापून वीज देतो. कंपनीतून येणाऱ्या कित्येक इलेक्ट्रिक गाड्यांत हीच व्यवस्था असते. खाली शेकडो व्होल्टचा लिथियमचा पॅक आणि बॉनेटखाली एक छोटी १२ व्होल्टची लेड-ॲसिड. दिवे, लॉक, गाडीतला कॉम्प्युटर या छोटीवर चालतात. मोठा पॅक गाडीला जोडणारा स्विचसुद्धा हीच ओढते. त्यामुळे मोठा पॅक पूर्ण भरलेला असला तरी ही छोटी बसली की गाडी जागची हलत नाही.

एडिसनला जी बॅटरी नकोशी झाली होती, ती आजच्या अशा गाडीतही बटण दाबल्यावर सगळ्यात आधी कामाला लागते. आणि सकाळच्या त्या मेसेजमध्ये पुढच्या वेळी बल्ब दिसला, तर ग्रुपवर सांगायला तुमच्याकडे आता खरी गोष्ट आहे.